चार बोटं खाली

डाव्या हाताची करंगळी मी सत्त्याऐंशी साली
बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जाळीच्या दारात ठेवून आलो.
पुरती नव्हे, वरची दोन पेरं.
शेटनी दीडशे रुपये दिले आणि एक दिवस सुट्टी.
म्हणून मला सोपं जातं.
रात्री हात वर करून बघावा
आणि करंगळी अख्खी दिसली, नखासकट,
की समजायचं, खवणेकर, हे स्वप्न आहे.
आता काय करायचं ते कर.

सुरुवातीला करता काहीच येत नसे.
दिवा लावायला जावं तर बटण नुसतं खटखटायचं.
उडायला जावं तर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून
उडी मारून मी तिसऱ्याच पायरीवर.
पळायचं म्हटलं की पाय शिवडीच्या चिखलात,
एक उपसावा तो दुसरा रुतलेला.
आणि कधी जमलंच, तर आनंद व्हायचा,
आनंद झाला की स्वप्न फाटतं,
जुनं धोतर खाली बसताना फाटतं तसं, आवाज करून.

मग एकदा कंटाळून, काही न ठरवता,
मूठ वळली. मुठीत पितळी हँडल आलं.
एकतीस वर्षांच्या ओळखीचं, माझ्याच घामानं घासलेलं.
डावीकडे वर. उजवीकडे खाली. मधोमध थांब.
लिफ्ट नव्हतीच. नुसता मी होतो,
आणि पोटातला तो जुना हिसका,
आणि पायाखालून फुटपाथ सुटला.

आता येतं.
पहिल्यावर विमा कंपनीची कबुतरं,
दुसऱ्यावर वकिलाचा पंखा, तिसऱ्याला कुलूप,
गच्चीत पाण्याची टाकी, टाकीत कुणाची तरी चप्पल.
पलीकडे गोदीतल्या क्रेन, माना वाकड्या करून निजलेल्या.
आणखी वर जाता येईल. जात नाही.
तिथे मजले नाहीत, आणि मजले नसले तर
थांबायचं कुठे, हे मला कुणी शिकवलेलं नाही.
स्वप्न पातळ व्हायला लागलं की तळवे घासतो,
ग्रीसचा वास येतो, पुन्हा घट्ट होतं.

फ्रेनीबाई येते ती अशाच वेळी.
फायली छातीशी, चष्मा दोरीला,
टाइप करून करून चपटी झालेली बोटं.
'चौथा माला, खवणेकर.'
एकदा म्हटलं, आज चौथा नाही. आज गच्ची.
समुद्र दाखवतो.
माझं स्वप्न, हँडल माझ्या हातात.
'हो,' ती म्हणाली,
पण माझ्याच आवाजात.
काटा आला अंगावर. तो हो मी परत घेतला.
हँडल मधोमध आणलं. चौथा.
गप्प उभा राहिलो, तिचं तिला बोलू दिलं.
तिनं खाली पाहिलं. च्च केलं.
'चार बोटं खाली हाय, खवणेकर. मी पडेल ना.'

एकतीस वर्षांत माझी लिफ्ट
केसभर इकडेतिकडे लागली नाही.
लोक पेपर वाचत बाहेर पडायचे.
आणि इथे, जिथे सगळं माझ्या हातात,
मी थोडं वर घेतो, थोडं खाली, परत थोडं वर,
चार बोटं ती चारच.
ती फ्रॉक सावरते, पाय उचलते, जाते.

मग जाग. कॉटन ग्रीन, चौदावा मजला, पंखा.
डोळे उघडे आणि अंग हलत नाही.
आधी घाबरायचो. सुनेला हाक मारायचो, हाक तोंडातच.
आता पडून राहतो. हे काम माझ्या ओळखीचं आहे.
मी मजल्यावर उभा आहे, शरीर खाली अडकलंय.
येईल. दोर मजबूत आहेत.
हळूहळू येतंच ते, टाच, गुडघा, खांदा,
करंगळी सगळ्यात शेवटी, आणि अर्धीच.

सकाळी दूध आणायला निघतो. आमच्या टॉवरची लिफ्ट
बाईच्या आवाजात, हिंदीतून, दार बंद करा म्हणते.
बटण दाबतो. तळमजला. बरोब्बर लागते.
तरी उतरताना मी पाय थोडा उचलतो.